वजन उतरले, आता थांबायचे केव्हा?

वजन कसे उतरवावे हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. लिंबू-मधाचे पाणी सांगणारे आहेत, रात्रीचे जेवण सोडा म्हणणारे आहेत, भात सोडा म्हणणारे आहेत आणि भात मुळीच सोडू नका असे बजावणारेही आहेत. पण उतरवता उतरवता थांबायचे कुठे, ‘आता पुरे’ म्हणायचे केव्हा, आणि तसे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ताटात काय वाढून घ्यायचे, हे विचारले की यांतल्या बहुतेकांचा उत्साह ओसरतो. जिना चढणाऱ्याला वरचा मजला आल्याचे आपोआप कळते. वजन उतरवणाऱ्याला खालचा मजला आल्याचे कोणीच सांगत नाही. तो आपला पायऱ्या शोधत खाली खालीच जात राहतो.

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे फेरी मारून पाहावी, नाही तर धुळ्याला नकाणे तलावाकडे जावे. फिरणाऱ्यांत हल्ली पगडी-टोपीपासून धावण्याच्या बुटांपर्यंत सारे प्रकार दिसतात. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनच वेळा जेवण आणि पंचेचाळीस मिनिटे चालणे हा मंत्र महाराष्ट्रभर पोचवला, तेव्हापासून ‘किती गेले?’ हा नमस्कारानंतरचा दुसरा शब्द झाला आहे. ‘सहा गेले!’ ‘वा!’ ‘माझे आठ.’ ‘वा वा!’ पण ‘आता किती राखणार?’ असे विचारणारा गडी अजून त्या वाटेवर भेटायचा आहे.

खरे म्हणजे जळगाव हे तराजू ओळखणारे गाव. इथल्या सराफ बाजारात सोने घ्यायला लांबलांबची माणसे येतात, ती काट्यावरच्या विश्वासाने. म्हणूनच की काय, घरातल्या वजनाच्या काट्यावरही आपण तसाच विश्वास टाकतो. पण शरीर म्हणजे सोन्याची लगड नव्हे. रात्री झणझणीत शेवभाजी झाली, वर चार ग्लास पाणी झाले, की सकाळी काटा किलोभर पुढे सरकलेला असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला आणि दुपारभर घाम गळला, की तोच काटा मागे येतो. यात चरबी एक मासाही वाढलेली नसते आणि घटलेलीही नसते. इकडचे तिकडे झालेले असते ते पाणी.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. रिंग रोडला राहणाऱ्या एक वहिनी. शाळेत शिकवतात, वय चव्वेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, माहेर धुळ्याचे. वजन बहात्तर किलो. जिना चढताना गुडघे कुरकुरत, रक्तातली साखर सीमेवर येऊन उभी राहिलेली. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आणि वहिनींनी ते मनावर घेतले. वरण-बट्टीतली तुपाची धार आखडली, दुपारच्या चहाबरोबरचे फरसाण गेले, संध्याकाळचे चालणे आले. नऊ महिन्यांत वजन साठावर आले. साखर पूर्ववत झाली, गुडघे गप्प बसले, कंबर छत्तीस इंचांवरून एकतीसवर आली. डॉक्टर म्हणाले, ‘छान!’

इथे हा लेख संपायला हवा होता. पण वहिनींच्या कपाटात लग्नाचा फोटो आहे, आणि त्या फोटोतल्या नवरीचे वजन पन्नास किलो होते.

हे ‘लग्नातले वजन’ हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला मोठा फसवा मुक्काम आहे. बाविसाव्या वर्षीचे शरीर दोन बाळंतपणांनंतर आणि वीस वर्षांच्या संसारानंतर परत मागायचे, म्हणजे बँकेत जाऊन वीस वर्षांपूर्वीच्याच नंबरच्या नोटा परत मागण्यासारखे आहे. पण वहिनींनी मागितल्या. साठाचे सत्तावन्न झाले, मग चौपन्न. डिसेंबरात सारा शिक्षकवर्ग स्वेटरवर भागवत असताना या आत स्वेटर आणि वर शाल घेऊन बसू लागल्या. कंगव्यात केसांचा पुंजका येऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत मधे दोनदा थांबावे लागू लागले. गुडघे दुखत म्हणून नव्हे, पायांत बळ उरले नाही म्हणून. शेतावर भरीत-पार्टी झाली, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली, कळण्याच्या पुऱ्या तळल्या गेल्या, आणि वहिनी काकडीचा डबा मांडीवर घेऊन एका बाजूला बसल्या. सासूबाई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. माहेरी गेल्यावर आईने मात्र दारातच गाठले, ‘काय वं माय, कितली वायी गयी तू! सासरले खावाले भेटस नही का?’

आईच्या या अहिराणी निदानाला आपण नेहमी हसतो, आणि पुष्कळदा ते हसण्याजोगेच असते. नातवंडाचे गाल जरा ओसरले की खानदेशातल्या आजीला ते वाळलेच. पण या खेपेला म्हातारी बरोबर होती.

कारण वजन कमी करणे कशासाठी सुरू केले होते? साखरेसाठी आणि गुडघ्यांसाठी. ते काम साठ किलोंवरच झाले होते. कदाचित त्याच्याही आधी झाले असेल. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. वजनात सुमारे सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनी घटले. बहात्तर किलोंचे सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो! चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या देशातल्या माणसांवर असाच प्रयोग केला. २००६ साली त्यांनी दाखवून दिले की आहार-विहार सुधारणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अठ्ठावीस टक्क्यांहून अधिक घटले, आणि गंमत अशी की त्यांचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते. फायदा जो होतो तो सगळाच काट्यावर दिसतो असे नाही.

‘पण तक्ता काय सांगतो?’ असे सुशिक्षित वाचक विचारतील. तक्ता असा, की किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागावे. उत्तर साडेअठरा ते तेवीस यांच्या दरम्यान आले तर भारतीय माणसाचे ठीक. वहिनींच्या उंचीला हे गणित घातले तर शेहेचाळीसपासून सत्तावन्नपर्यंत कोणताही आकडा चालतो. अकरा किलोंचा हा ऐसपैस पट्टा. त्यातल्या नेमक्या कोणत्या खांबाला गाडी थांबवायची ते तक्ता सांगत नाही. शिवाय साठाला तो ‘अजून तीन किलो जास्त’ म्हणतो आणि चौपन्नाला ‘उत्तम’ म्हणतो. प्रत्यक्षात वहिनी साठावर सुखी होत्या आणि चौपन्नावर कुडकुडत होत्या.

तक्त्याची दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपल्या दोघांचा एक फोटो छापला. तक्त्याप्रमाणे दोघांचा आकडा एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची नऊ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची एकवीस टक्के निघाली! दिसायला सडपातळ, पण आत चरबी राखून असलेली ही आपली भारतीय ठेवण. तेव्हा केवळ आकडा ‘ठीक’ आला म्हणून निर्धास्त होऊ नये, तसाच आकडा दोन-तीन किलोंनी ‘चुकला’ म्हणून उपाशीही राहू नये. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढावी आणि कंबर मोजावी. बायकांची ऐंशी सेंटिमीटर आणि पुरुषांची नव्वद सेंटिमीटर ही आपल्याकडे धोक्याची रेघ मानतात. टेप नसेल तर नाडा घ्यावा, आपल्या उंचीएवढा कापून दुमडावा, आणि तो अर्धा नाडा कमरेभोवती पुरतो का ते पाहावे. पुरला तर बहुतेक काळजी नाही.

थंडी वाजणे, केस जाणे, पाळी पुढेमागे होणे, चिडचिड, दिवसभर फक्त खाण्याचाच विचार: ही सगळी शरीराची पत्रे असतात, आणि वजन उतरवण्याच्या भरात आपण ती न फोडताच बाजूला ठेवतो. ती पत्रे खरोखर कोणत्या मजकुराची असतात ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटात दिसून आले. युद्धानंतर उपाशी युरोपला कसे जेवू घालावे हे समजावे म्हणून अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे सुमारे चतुर्थांश वजन गेले. पण त्याहून लक्षात राहिले ते त्यांचे वागणे. ही धट्टीकट्टी मुले उन्हाळ्यात पांघरुणे मागू लागली, एकमेकांवर खेकसू लागली, आणि फावल्या वेळात पाकक्रियेची पुस्तके वाचत बसू लागली! प्रयोग संपून पोटभर अन्न मिळाल्यावर अंगावर चरबी आधी भरली, स्नायू मागून आले. आपल्या वहिनींनी काही इतके टोक गाठले नव्हते, पण वाट तीच होती. घाईघाईने वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणजे दागिना मोडून पितळ घरात आणल्यासारखेच.

धुळ्याचे नाव निघाले आहे, तर तिथली एक जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते आणि सानेगुरुजीही होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली, तीच ‘गीता-प्रवचने’. सहाव्या अध्यायाच्या प्रवचनात विनोबांनी चित्ताच्या एकाग्रतेला ज्या गोष्टी हव्यात म्हणून सांगितल्या, त्यांत एक आहे जीवनाची परिमितता. मोजके खाणे, मोजके झोपणे, सारेच मापात. गीतेच्या त्या अध्यायात अति खाणाऱ्याबरोबर अजिबात न खाणाराही बाद ठरवला आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो. परिमित म्हणजे कमी नव्हे. परिमित म्हणजे मापाचे.

याच विनोबांचे वजन पुढे, १९३८ साली, अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आले. म्हणजे आपल्या हिशेबाने चाळीस किलो. मंडळी घाबरली, गांधीजींपर्यंत बातमी गेली. डॉक्टर, थंड हवेचे ठिकाण असे पर्याय निघाले. विनोबांनी वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात जायचे ठरवले. आणि आश्रमाच्या सगळ्या काळज्या मागे ठेवून जायचे. तिथे त्यांनी काय केले? विश्रांती घेतली, हिंडले, आणि शेतात थोडे थोडे खणू लागले. सुरुवात अगदी काही मिनिटांची, मग दिवसागणिक जरा जास्त. दहा महिन्यांत वजन एकशे अठ्ठावीस पौंड झाले. आपल्या घरी कोणी चाळीस पौंड भरून काढायचे म्हटले असते तर शिऱ्याच्या कढया चुलीवर चढल्या असत्या! इथे मात्र चिंता उतरली आणि कुदळ हळूहळू चढत गेली. ज्यांनी प्रमाणाबाहेर उतरवले आहे त्यांनी परत कसे चढावे, आणि ज्यांनी बेताचे उतरवले आहे त्यांनी ते कसे राखावे, या दोघांनाही त्या कुदळीत शिकण्यासारखे आहे. अंगाला रोज थोडे काम लागले, की खाल्लेले अन्न चरबीकडे न जाता स्नायूंकडे वळते.

तर थांबायचे ठरले. आता काय? इथेच पुष्कळांची गाडी रुळावरून उतरते. ‘झाले एकदाचे!’ म्हणून माणूस पूर्वीच्या ताटावर जातो, आणि सहा महिन्यांत पूर्वीच्या कपड्यांवर. यात केवळ जिभेचा दोष नाही. शरीर लहान झाले की त्याला लागणारे इंधनही कमी होते. बहात्तर किलोंच्या बाईचे जेवण साठ किलोंच्या बाईला जास्तच व्हायचे. शिवाय शरीर गेलेल्या वजनाचे सुतक बरेच दिवस पाळते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०११ साली असे आढळले, की वजन उतरवून वर्ष झाले तरी भूक वाढवणारी रसायने रक्तात चढलेलीच होती. म्हणजे वजन राखणाऱ्याला उतरण्यापूर्वीपेक्षा अधिक भूक लागते आणि त्याला कमी अन्न पुरते. संसारात इतकी विचित्र विभागणी दुसरी नसेल. हल्ली आठवड्याला एकदा टोचायची औषधे निघाली आहेत, २०२५ पासून ती आपल्याकडेही आली; त्यांचीही तीच कथा. औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. राखण्याची तयारी आधी, मग सुई, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

परतीचा रस्ता पायरीपायरीने घ्यावा. आठवडाभर रोज अर्धी भाकरी जास्त, नाही तर एक वाटी वरण जास्त. काटा स्थिर राहतो का पाहावे. अजून उतरतो आहे? मग आणखी एक पायरी. चढू लागला? मागची पायरी पुरेशी होती. चार-सहा आठवड्यांत आपले माप सापडते. वहिनींना असे पाच आठवडे लागले, आणि त्या अठ्ठावन्नावर स्थिरावल्या. पन्नास नव्हे. फोटो कपाटात तसाच आहे, तो छानच आहे.

भुसावळच्या वाचकांना सिग्नलची भाषा वेगळी शिकवायला नको. अमेरिकेत २००६ साली वजन उतरवलेल्या तीनशे चौदा माणसांवर एक प्रयोग झाला, तो याच भाषेत. ठरलेल्या वजनापासून सुमारे दीड किलोपर्यंतचा फरक हिरवा. जसे चालले आहे तसे चालू द्या. त्यापुढे पिवळा, ताटाकडे जरा लक्ष द्या. सव्वादोन किलोंच्या वर गेले की तांबडा. पुन्हा उतरवण्याचे नियम काढा. काट्यावर नियमित उभे राहून जे या सिग्नलांवर चालले त्यांचे वजन इतरांपेक्षा बरेच कमी परतले. मला यातला हिरवा दिवा फार आवडतो. पिवळ्या-तांबड्याची ताकीद सगळेच देतात. ‘तुझे ठीक चालले आहे’ असे सांगणारा दिवा विरळाच.

आणि तो लागतोच. कारण वजन उतरत असते तेव्हा कौतुकाला तोटा नसतो. शेजारीण विचारते, मैत्रिणी रहस्य मागतात, साडीचा काठ नव्याने दुमडावा लागतो. पण वजन राखणाऱ्या बाईला कोण म्हणतो, ‘अय्या, गेल्या वर्षी होता तशाच!’ कोणी नाही. दर महिन्याला तोच आकडा, तीच साडी. हे मौन सहन होत नाही म्हणूनही कित्येकजणी पुन्हा उतरवायच्या नादी लागतात. कॉलेजातल्या मुलींना तर हे कौतुक फारच लवकर चढते. पंधरा-सोळा वर्षांची पोर जेवण टाळू लागली, आरशासमोर उभी राहून ‘मी जाडच आहे’ म्हणू लागली, तर तिला रागावू नका आणि शाबासकीही देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. घरच्या माणसांना एकच सुचवावेसे वाटते: नवरोजींनी ‘किती गेले?’ हा प्रश्न बंद करावा, आणि सासूबाईंनी ‘अजून एक मांडा घे’ हा आग्रह.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांशिवाय करू नयेत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर वजन उतरल्यावर पूर्वीचाच डोस जास्त होऊ शकतो. साखर एकदम खाली जाऊन भोवळ येते. आणि खाणे वाढवूनही काटा खाली खालीच जात असेल, तर त्याला यश समजू नये. क्षय, थायरॉइड, मधुमेह आणि त्याहून गंभीर दुखणीही वजनाच्या वाटेने पहिली खूण पाठवतात.

राहता राहिला सण. आपल्या खानदेशात वर्ष कधी सपाट जात नाही. दिवाळीचा फराळ होतो न होतो तोच भरताचे दिवस येतात. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरवाशिणी येतात आणि खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरसाची पातेली रिकामी होतात. श्रावणात कानबाईचे रोट असतात. हे सगळे टाळून वजन राखायचे असेल तर राखून करायचे काय? अमेरिकेत सणासुदीच्या सहा आठवड्यांत वजन किती वाढते ते २००० साली मोजले गेले. लोकांना वाटत होते दोन-अडीच किलो. प्रत्यक्षात सरासरी निघाली पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. वाईट एवढेच, की ते पुढे उतरत नाहीत. दरवर्षी तेवढे साचत जातात.

तेव्हा चकलीला भिऊ नका. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत काटा पलंगाखाली ढकलून द्या, चिवडा वाटीत घेऊन खा, डब्यातून नको, आणि संध्याकाळचे चालणे दिवे बघत बघत चालू ठेवा. पाहुणे गेले, डबे रिकामे झाले, की भाऊबीजेनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी काटा बाहेर काढा. हिरवा दिसला तर उरलेल्या करंज्या संपवायला हरकत नाही. पिवळा दिसला तर त्या शेजाऱ्यांकडे पाठवा. वहिनींच्या घरी या वेळी करंज्यांचा घाणा धुळ्याहून आलेल्या आईच्या हातचा आहे, आणि पहिली करंजी कोणी खायची यावरून मायलेकींचे आताच वाजले आहे.